राखेचा मास्क आणि वायूचा मीटर: ज्वालामुखीसाठी विकल्या जाणाऱ्या संचाचं परीक्षण

ज्वालामुखीच्या आसपास राहणाऱ्यांसाठी किंवा तिथे फिरायला जाणाऱ्यांसाठी म्हणून जे तयार संच मिळतात, त्यात फिरून फिरून त्याच वस्तू असतात: मास्क, गॉगल, हेल्मेट, कधी गॅस मास्क आणि जरा वरच्या दर्जाच्या संचात वायू मोजायचा मीटर. निकाल आधीच सांगून टाकू. मास्क आणि गॉगल घ्यावेत, तेही सुटे आणि पारखून. हेल्मेट असू द्यावं. गॅस मास्क बहुतेकांनी घेऊच नये. मीटर घ्यायचाच असेल तर खोक्यावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घेऊ नये, कारण सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते.

मुळात ‘राख’ हा शब्दच घोळ करतो. चुलीतली राख मऊ असते, जळून उरलेली असते. ज्वालामुखीची राख म्हणजे २ मिमीपेक्षा बारीक फुटलेला दगड, खनिजांचे कण आणि काच. ती पाण्यात विरघळत नाही, ओली झाली की वीज वाहून नेते आणि ताजी असताना तिच्या कणांवर आम्लांचा पातळ थर असतो. घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात ते यामुळे. १० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण श्वासनलिकांत उतरतात, ४ मायक्रॉनच्या खालचे फुप्फुसाच्या पार तळाशी जातात. सगळ्या ज्वालामुखींची राख सारखी नसते. कॅरिबियनमधल्या मॉन्टसेराट बेटावरच्या सूफ्रिएर हिल्स ज्वालामुखीचा लाव्हाचा घुमट १९९५ नंतर पुन्हा पुन्हा कोसळत राहिला. त्यातून उडालेल्या राखेच्या १० मायक्रॉनखालच्या भागात १० ते २४ टक्के क्रिस्टोबलाइट सापडलं. क्रिस्टोबलाइट हा सिलिकाचाच एक स्फटिक प्रकार. खाणकामगारांना जडणारा सिलिकोसिस अशाच स्फटिकी सिलिकाच्या धुळीमुळे होतो.

मास्क

एन९५, एफएफपी२ आणि पी२ ही तीन वेगवेगळ्या मानकांची नावं आहेत, कामाला जवळपास सारखी. एन९५ची चाचणी ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांवर होते आणि त्यातले किमान ९५ टक्के कण अडावे लागतात. एफएफपी२ला ही मर्यादा ९४ टक्के आहे, एफएफपी३ला ९९. कागदावर एफएफपी३ सरस दिसतो, पण त्यातून श्वास ओढायला जोर लागतो. जोर लागला की माणूस मास्क हनुवटीवर ओढतो आणि मग ९९ टक्क्यांना काही अर्थ उरत नाही. दिवसभर वापरायला एफएफपी२ किंवा एन९५ बरा.

खरा फरक कापडापेक्षा बसण्यात आहे. सर्जिकल मास्कचं कापडसुद्धा राखेचे कण चांगले अडवतं, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल. पण गालाशी आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना तो उघडाच राहतो. माणसांच्या चेहऱ्यावर लावून केलेल्या चाचण्यांत सर्जिकल मास्कच्या आत बाहेरच्या कणांपैकी साधारण तिसरा हिस्सा पोचत होता. नीट बसवलेल्या प्रमाणित मास्कमध्ये हे प्रमाण एक दशांशाच्या आत राहिलं. सर्जिकल मास्कवरून पट्टी गुंडाळून तो चेहऱ्याशी दाबला की गळती थोडी कमी होते. दुसरं काही हाताशी नसेल तर एवढं करावं. ओला रुमाल बांधायचा सल्ला मात्र आता सोडून द्यायला हवा. कापड भिजवल्याने गाळण्याची ताकद वाढत नाही, हे प्रयोगशाळेत तपासून झालं आहे. कापडच वापरायची वेळ आली तर घट्ट विणीचं घ्या, त्याच्या जास्त घड्या करा आणि ते कोरडंच ठेवा.

विकत घेताना पहिली नजर इलास्टिककडे टाका. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असलेला मास्क कानात अडकवायच्या मास्कपेक्षा जवळजवळ नेहमीच घट्ट बसतो. कानाच्या इलास्टिकला ओढ कमी असते, आणि बोलताना जबडा हलला की कडा सुटते. दुसरी नजर छापील मजकुराकडे. मास्कच्याच अंगावर मानकाचा क्रमांक आणि उत्पादकाचं नाव हवं. नुसतं पिशवीवर ‘धूळ मास्क’ लिहिलेला, एका पातळ इलास्टिकचा, कपासारखा पांढरा मास्क असंख्य तयार संचांत कोंबलेला असतो. तो रंगकामाच्या दुकानात शोभतो. तो संचात दिसला तर बाकीचा संचही त्याच मापाचा आहे असं खुशाल समजा.

लावायची रीत अशी. मास्क तळहातावर धरून हनुवटीखालून चेहऱ्यावर टेकवा. खालचा पट्टा कानांच्या खाली मानेवर, वरचा डोक्याच्या मागे उंचावर. दोन्ही पट्टे मानेवर एकत्र आले तर वरची कडा सैल पडते. नाकावरची धातूची पट्टी दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी मधून बाहेर दाबत न्यायची. एका हाताच्या चिमटीने दाबली की मधोमध टोकदार घडी पडते आणि तिच्या दोन्ही बाजूंना फट राहते. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला तर पट्टी पुन्हा बसवा, गालाशी लागला तर इलास्टिक मागे सरकवा. व्हॉल्व्हचा मास्क असेल तर श्वास सोडताना व्हॉल्व्हही झाका. नंतर श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याकडे किंचित खेचला जायला हवा. चष्म्यावर वाफ धरत असेल तर नाकापाशी गळती आहे, दुसरी चाचणी करायची गरजच नाही. दाढी असेल तर हे सगळं व्यर्थ. एका दिवसाचे खुंटसुद्धा कडेखाली फट ठेवतात.

मास्क धुवायचा नाही. त्याच्या आतल्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो आणि बारीक कण पकडायचं बरंचसं काम तो करतो. साबणाने किंवा अल्कोहोलने तो जातो, मास्क मात्र दिसायला नव्यासारखाच राहतो. राख साठत गेली की गाळणं बिघडत नाही, श्वास जड होत जातो. टाकून द्यायची खूण तीच: श्वास ओढायला त्रास व्हायला लागला, इलास्टिक सैल पडलं किंवा आतली बाजू मळली की नवा काढा. दाट राखेत साफसफाई करणाऱ्याचा मास्क दिवसभरसुद्धा टिकेलच असं नाही. म्हणून संचातल्या दोन मास्कनी काही होत नाही. माणशी दहा-वीसचा साठा धरावा.

लहान मुलांसाठी मात्र समाधानकारक उत्तर नाही. प्रमाणित मास्क मोठ्यांच्या चेहऱ्याच्या मापाने बनतात. ‘लहान साइज’ लिहिलेला घेतला तरी गालाशी फट राहतेच. मुलांना घरात ठेवणं, दाराखालच्या फटी ओल्या टॉवेलने बुजवणं आणि बाहेरची हवा आत ओढणारा एसी बंद ठेवणं हे त्यांच्या तोंडाला काही बांधण्यापेक्षा जास्त उपयोगी आहे. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णांनी घट्ट मास्क लावण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

छपरावर चढून राख काढणाऱ्यांसाठी नाक-तोंड झाकणारा रबरी अर्धा मास्क आणि जवळपास सगळे कण अडवणारा पी१०० फिल्टर हा सगळ्यात चांगला सौदा आहे. रबराची कडा चेहऱ्याला धरून राहते, फिल्टर तेवढे बदलता येतात, सांगाडा धुता येतो. बोललेलं समोरच्याला नीट कळत नाही, ही एकच कटकट.

गॉगल

चार बाजूंनी चेहऱ्याला टेकणारा, आडवाटेने हवा जाणाऱ्या छिद्रांचा गॉगल घ्या. सरळ आरपार छिद्रं असतील तर त्यातून राख आत येते आणि आतच फिरत राहते. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवायच्याच. लेन्सखाली गेलेला काचेचा कण बुबुळावर ओरखडे काढतो. गॉगलची काच बोटाने किंवा शर्टाच्या टोकाने पुसू नका. राख ती खरवडते, धुकं न धरणारा थर निघून जातो आणि तासाभरात समोरचं सगळं दुधाळ दिसू लागतं. पाणी ओतून राख वाहू द्यायची, मग टिपायची.

गॅस मास्क

एन९५ कण अडवतो, वायू अडवत नाही. हे वाक्य प्रत्येक संचाच्या झाकणावर ठळक छापायला हवं होतं. ज्वालामुखीतून सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइड असे वायू बाहेर पडतात. फिल्टरच्या धाग्यांतून ते हवेबरोबर सरळ आत येतात.

मग वायू शोषणारी डबी, म्हणजे कार्ट्रिज, लावलेला मास्क का नको? सल्फर डायऑक्साइडसाठी तो काम करतो. युरोपीय पद्धतीत त्यासाठी पिवळ्या पट्टीची ‘ई’ प्रकारची कार्ट्रिज असते आणि कणांसाठी पांढरी ‘पी’ पट्टी सोबत असावी लागते. अमेरिकी पद्धतीत रंगांचे अर्थ वेगळे आहेत: तिथे आम्लवायूंसाठी पांढरा आणि आम्लवायू व सेंद्रिय बाष्प या दोन्हींसाठी पिवळा. रंग पाहून घेणाऱ्याची इथेच चूक होते, लेबल वाचा. कार्ट्रिज सीलबंद पाकिटातून काढली की हवेतला दमटपणा शोषायला लागते, मग वापरा की नका वापरू. मागच्या वर्षी एकदा उघडून पाहिलेली कार्ट्रिज आज किती शिल्लक आहे हे बाहेरून कळायला काही मार्ग नाही.

कार्बन डायऑक्साइड यातली कुठलीच कार्ट्रिज अडवत नाही, आणि ज्वालामुखीच्या वायूंत मोठ्या संख्येने माणसं मारलेला वायू तोच आहे. २१ ऑगस्ट १९८६च्या रात्री कॅमेरूनमधल्या न्योस या विवरात साठलेल्या तळ्यातून तो उसळला, दऱ्यांतून खाली वाहत गेला आणि सुमारे १,७०० माणसं व हजारो गुरं गेली. हवेपेक्षा तो साधारण दीडपट जड, रंग नाही, वास नाही. जिथे तो हवेची जागा घेतो तिथे गाळायला काही उरतच नाही. मास्क प्राणवायू तयार करत नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाक बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस आणखी पुढे जातो. गॅस मास्क लावलेल्या माणसाला तर त्या वासाचा इशाराही मिळत नाही.

ज्वालामुखी वेधशाळेच्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या हातात हे साधन ठीक आहे. बाकीच्यांनी ते विकत घेतलं की ‘आता आणखी जवळ जाता येईल’ एवढाच त्याचा परिणाम होतो.

मीटर

संचांत बहुधा ‘चार वायूंचा’ मीटर असतो आणि जाहिरातीत विवराच्या कडेचा फोटो. ते चार वायू कुठले ते पाहा: प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि पेट घेणारे वायू. हा संच गटारात आणि टाक्यांत उतरणाऱ्या कामगारांसाठी ठरवलेला आहे. ज्वालामुखीसाठी महत्त्वाचे सल्फर डायऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड त्यात नसतातच.

विक्रेता म्हणतो, कार्बन डायऑक्साइड वाढला की प्राणवायू कमी होईल आणि अलार्म वाजेल. हिशेब करून पाहू. स्वच्छ हवेत प्राणवायू २०.९ टक्के. अलार्म साधारणपणे १९.५वर लावलेला असतो. हवेत ४ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तर प्राणवायू २०.९चे ९६ टक्के, म्हणजे २०.०६ उरतो. अलार्म गप्प. आणि ४ टक्के म्हणजे ४०,००० पीपीएम, ही कामगारांसाठी जिवाला तात्काळ धोका मानलेली पातळी आहे. अलार्म वाजायला जवळपास ७ टक्के लागतात. १० टक्क्यांच्या वर माणूस पाहता पाहता बेशुद्ध पडतो. म्हणजे प्राणवायूच्या सेन्सरवर विसंबणं हा जुगार आहे. कार्बन डायऑक्साइडसाठी अवरक्त किरणांवर चालणारा वेगळा सेन्सर लागतो, आणि तो आहे की नाही हे यादीत स्पष्ट लिहिलेलं असतं.

असा सेन्सर असला तरी मीटर कुठे लावला आहे त्याला महत्त्व आहे. क्लिप छातीवर असते. जड वायू घोट्यापाशी साठतो. काँगोमध्ये गोमा शहराभोवतीच्या लाव्हाच्या खोलगट जागांत हा वायू साचतो. तिथे त्याला माझुकू म्हणतात. अशा जागी उभ्या माणसाला काही होत नाही, पण वाकलेला, बसलेला, झोपलेला माणूस किंवा शेजारचं लहान मूल वायूत बुडलेलं असतं. खड्ड्यात, तळघरात किंवा गुहेत शिरण्याआधी मीटर दोरीला बांधून आधी खाली सोडायचा, आकडा स्थिर होऊ द्यायचा आणि मग ठरवायचं.

सल्फर डायऑक्साइडच्या मीटरची अडचण निराळी. जागतिक आरोग्य संघटनेची दहा मिनिटांसाठीची मर्यादा ५०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे सुमारे ०.१९ पीपीएम. औद्योगिक मीटर ०.१ पीपीएमच्या पायरीने वाचतात आणि कारखान्यातून येताना त्यांचा अलार्म बहुधा २ पीपीएमला किंवा त्याहून वर असतो. दमेकऱ्याला त्याच्या कितीतरी आधी धाप लागते. पडद्यावर ०.० दिसतंय म्हणजे हवा स्वच्छ आहे असं नव्हे. घरात दमेकरी असेल तर अलार्मची पातळी स्वतः खाली आणावी लागते.

हेल्मेट

जपानमधल्या ओन्ताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी भर दुपारी गिर्यारोहक माथ्यावर असताना वाफेचा स्फोट झाला. मृत आणि बेपत्ता मिळून ६३. त्यांतले बहुतेक उडालेल्या दगडांनी गेले. त्यामुळे हेल्मेटची शिफारस रास्त आहे, पण तिची मर्यादा आकड्यात पाहावी. कामगारांच्या हेल्मेटची युरोपीय चाचणी ५ किलोचं वजन १ मीटरवरून टाकून होते, म्हणजे सुमारे ४९ जूल. ३ सेंमी व्यासाचा दगड सेकंदाला ५० मीटर वेगाने आला तर साधारण ४० जूल, हेल्मेट निभावेल. त्याच वेगाचा १० सेंमीचा दगड सुमारे १,५०० जूल घेऊन येतो. तेव्हा डोकं वाचवायला काँक्रीटचा निवारा किंवा मोठ्या खडकाची आड लागते. हनुवटीचा पट्टा नसलेलं हेल्मेट धावताना पहिल्या उडीतच पडतं, ते घेऊ नका.

शेकडो अंश तापलेला राख आणि वायूचा लोट डोंगरउतारावरून येतो, त्याच्यापुढे या संचातली कुठलीच वस्तू काही करू शकत नाही. १९०२ साली कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरचं सेंट पिएर शहर अशाच लोटात काही मिनिटांत संपलं, सुमारे २८,००० माणसांसह. तिथे उपयोग फक्त आधीच निघून जाण्याचा.

संचात नसतं ते

फावडं, लहान पिचकारी, मजबूत पिशव्या आणि दोर. मला विचाराल तर तयार संचातली शिट्टी आणि चकचकीत ब्लँकेट काढून या चार वस्तू टाकाव्यात. १०० चौरस मीटर छपरावर १ सेंमी राख म्हणजे १ घनमीटर: कोरडी असेल तर अर्धा ते सव्वा टन, भिजली तर एक ते दोन टन. १० सेंमी झाली तर याच्या दहापट. जून १९९१मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबोच्या उद्रेकाच्या दिवशीच वादळाचा पाऊस आला, राख भिजली आणि त्या वेळच्या बळींपैकी बरेचसे कोसळलेल्या छपरांखाली सापडले.

राख काढताना आधी फावड्याने जाड थर उचला, मग उरलेल्यावर पिचकारीने जेमतेम दमट होईल इतकंच पाणी मारा. कोरडी झाडली तर पुन्हा हवेत उडते. पाइपने धुतली तर वजन वाढतं, शिवाय पन्हळीत आणि नाल्यात गेलेला गाळ सिमेंटसारखा बसतो. पावसाचं पाणी टाकीत नेणारा नळ काम सुरू करण्याआधीच सोडवून ठेवा. पिशवी एक तृतीयांशच भरा, नाहीतर उचलता येत नाही. साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक राख मागच्या बाजूने परत खोलीत सोडतो. अतिबारीक कण अडवणारा हेपा फिल्टर असेल तरच लावा. दोर कशासाठी, तर राखेवरून पाय सरकतो आणि साफसफाईत छपरावरून पडून जीव जातात.

पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्यांबद्दल एवढंच: गढूळ पाण्यात क्लोरीनचं काम नीट होत नाही, आधी पाणी निवळू द्या. राखेतून उतरलेलं फ्लोराइड मात्र गोळीने जात नाही, आणि उकळल्याने उलट पाण्यातलं प्रमाण वाढतं. जनावरं असतील तर चारा झाकणं सगळ्यात आधी. आइसलँडमध्ये १७८३च्या लाकी उद्रेकानंतर बहुतेक मेंढ्या फ्लोरीनच्या विषबाधेने गेल्या आणि मागोमाग दुष्काळाने माणसं.

आणखी एक गैरसमज. जगातली नऊ ज्वालामुखी राख सल्ला केंद्रं जे नकाशे काढतात ते विमानांसाठी असतात. त्यावर ‘एफएल ३५०’ लिहिलं असेल तर तो ढग ३५,००० फुटांपर्यंत आहे एवढाच अर्थ. खाली राख पडेल असा नव्हे. जमिनीवरच्या राखेसाठी त्या देशाच्या वेधशाळेचा अंदाज पाहायचा.

साठवणीबद्दल शेवटचं. मास्क मूळ पाकिटात, कोरड्या जागी, उन्हापासून लांब ठेवा. बहुधा इलास्टिक आणि नाकाखालचा फोम आधी खराब होतो आणि मास्कची मुदत संपते, म्हणून वर्षातून एकदा एक मास्क काढून ओढून पाहा. मीटरचे रासायनिक सेन्सर खोक्यात पडूनसुद्धा झिजतात, साधारण दोन-तीन वर्षांत बदलावे लागतात. नेण्याआधी चाचणीच्या वायूवर तो वाजतो का हे तपासा. नुसतं बटण दाबून वाजला तर भोंगा चालू आहे एवढंच कळतं, सेन्सरचं काहीच कळत नाही.